‘सायबर कॅफेवाल्याचं ज्ञान’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

छोट्या पडद्यावरच्या ब्राउझरबद्दलच्या माझ्या लेखाखाली आपण तीन ओळी टाकल्यात. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरचा पत्त्याचा पट्टा खाली आला ते साल चुकलंय. पान पडद्याप्रमाणं जुळवून घेणं हे साइट बनवणाऱ्याचं काम, ब्राउझरवाल्याचं नाही. आणि शेवटी, ‘हे सायबर कॅफेवाल्याचं ज्ञान आहे.’

साल चुकलं, मान्य. पट्टा खाली आणणारी आयफोनची सिस्टिम, आयओएस 15, 2021 ची, मी 2020 लिहिलं होतं. अँड्रॉइडवर फायरफॉक्सचा पट्टा 2020 मध्ये खाली आला, तिथं माझा घोळ झाला. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता कॅफेचं. होय, होता माझा कॅफे. अंबाजोगाईत, बसस्टँडजवळ, 2008 पासून अकरा वर्षं. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरनं मान टाकली की पायरीवर बसून गिऱ्हाइकांचे फोन दुरुस्त करायचे. यात लाजायचं काय ते कळलं नाही. कीपॅडच्या फोनात ऑपेरा मिनी टाकून घ्यायला कॉलेजची पोरं यायची. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर रचलं जायचं आणि आवळून फोनवर यायचं, म्हणून टूजीवरही उघडायचं. हे आपण कुठं वाचलं असेल. मी पोरांच्या अंगठ्याकडं बघून शिकलो.

पुढं 2017 मध्ये जिओफोन आला. 2.4 इंची पडदा, 240 बाय 320, टच नाही. ब्राउझरमध्ये एक बाण यायचा आणि तो चार दिशांच्या बटणांनी सरकवायचा. निकालाच्या दिवशी केजकडचे एक काका असा फोन घेऊन आले. पडद्यावर विषयांची नावं होती, गुणांचा रकाना उजवीकडं बाहेर. तो आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ‘पोरगी पास हाय का, एवढंच सांगा,’ म्हणाले. मी बाण सरकवत सरकवत गुणांपर्यंत गेलो तोवर त्यांनी दोनदा घाम पुसला. पास होती, 71 टक्के. (पेढे कॅफेत आले, हे उगाच सांगतो.) वातानुकूलित खोलीत 27 इंची मॉनिटर पुढ्यात घेऊन बसणाऱ्याला हा बाण काय ठाऊक! आपण तसे बसता असं मी म्हणत नाही. पण सूर तसाच लागलाय.

राहिली मधली ओळ. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. 2007 मध्ये आयफोन आला तेव्हा पान 980 पिक्सेल रुंद धरून आकसून दाखवायचं हे सफारीनं ठरवलं, आणि पान किती रुंद धरायचं ते ब्राउझरला सांगणारा व्ह्यूपोर्टचा टॅगही ॲपलनंच आणला. साइटवाल्याला ‘माझं पान आकसू नको’ म्हणायची सोय ब्राउझरनं दिली, तेव्हा कुठं तो बोलला. अँड्रॉइडच्या जुन्या ब्राउझरमध्ये परिच्छेदावर दोनदा टिचकी मारली की ओळी पडद्याच्या रुंदीत बसायच्या. अँड्रॉइड 4.4 मध्ये वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत पान दाखवणारा भाग, क्रोमियमवर (क्रोम ज्यावर चालतो त्यावर) गेला आणि त्यातून ही सोय गेली. साइट तीच होती ना? काकांच्या निकालाचं पान नीट बनवायला हवं होतं, असं आपण म्हणाल. म्हणा. ते बनवणारं खातं आपली प्रतिक्रिया वाचायला येणार नाही, आणि काकांच्या हातात ब्राउझरच होता.

लेख न पटणं हा आपला हक्क आहे. पण माणसाचा धंदा काढून त्याचं म्हणणं खोडायचं ही रीत आमच्याकडं पारावरसुद्धा चालत नाही. आणि नावाच्या जागी नुसतं ‘एक अभियंता’ का? मी माझं नाव, गाव, कॅफे सगळं लिहिलंय. पुढच्या वेळी आपणही लिहा, म्हणजे आपलं ज्ञान कुठल्या दुकानातलं ते मलाही कळेल.