नकाशातून गेलेला महामार्ग

तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान म्हणजे पीकविम्याच्या दिवसांत जत्राच. नेमकी तेव्हाच आमच्या मशीनला रेघ यायला लागली. प्रत्येक कॉपीवर वरपासून खालपर्यंत, केसाएवढी, काळी, पट्टी लावून ओढल्यासारखी. आधार कार्डावर ती बरोबर नाकावरून उतरायची. गिऱ्हाईक सोसत होतं. पण एका काकांनी मोजणीच्या नकाशाची कॉपी चष्मा लावून पाहिली आणि मटकन खाली बसले.

"मालक, जालना-नांदेड महामार्ग माझ्या रानातून चाललाय का ओ?"

"नाही काका, मशीनची रेघ आहे ती."

"मंग मोबदला?"

झालं! आता मूळ शोधणं आलं. माझा पहिला संशय ड्रमवर, म्हणजे कॉपी असो की प्रिंट, कागदावर छाप उमटवणाऱ्या नळकांड्यावर. महाग तेच बिघडतं, हा अनुभव. ड्रम बदलला, खिसा मोकळा झाला, रेघ जागेवर. शेवटी मेकॅनिकला फोन लावला.

"कम्प्युटरवरून प्रिंट मारा."

मारली. स्वच्छ!

"मग ड्रमनं काय घोडं मारलं होतं तुमचं? आता कागद मोठ्या काचेवर ठेवून काढा."

रेघ नाही. फीडरमधून, म्हणजे कागद आपोआप ओढून घेणाऱ्या वरच्या भागातून सोडला, रेघ हजर.

"मोठ्या काचेच्या बाजूला बारकी काचपट्टी हाय बघा. तिथं कायतरी चिकटलंय."

मोठ्या काचेवर कागद गप पडून असतो, खालून दिवा फिरतो. ठिपक्याचा ठिपकाच उमटतो. फीडरमध्ये उलटं. दिवा थांबतो, कागद पळतो. दाराचा खिळा जागेवरच असतो, माणूस पुढं जातो आणि धोतर हातभर टरकतं, तसं.

पट्टी दिसायला चकचकीत होती. नख फिरवलं, तर मध्येच अडलं. खसखशीच्या दाण्याएवढा डिंक, वर काळा मळ. कुणाच्या तरी फॉर्मवरचा ओला फोटो घाईत मीच फीडरमध्ये सारला असणार. (बायकोला ड्रमचं कारण अजून वेगळंच सांगितलंय.) २२ ऑक्टोबर १९३८ ला झेरॉक्सचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसननं गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालानं घासून पहिली कॉपी काढली म्हणतात. मीही रुमालच काढला, स्पिरिटमध्ये बुडवला, पुसलं. रेघ गायब!

काकांना हाक मारून कोरी करकरीत कॉपी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली, मग हळूच म्हणाले, "मालक, ती रेघेचीच राहू द्या की. पोराची सोयरीक चालू हाय. रान रोडटच हाय म्हणून दाखवतो."