डॉक्युमेंटेशनची रंगसफेदी

नवीन प्रोजेक्टमध्ये आलात आणि कोडमधलं अजून ओ की ठो कळत नाही? बिनधास्त डॉक्युमेंटेशनचं फॉरमॅटिंग सुधारायला घ्या. फक्त मजकूर वाचू नका. वाचलात तर चुका दिसतील, दिसल्या की दुरुस्त कराव्या लागतील. नसती आफत.

सुरुवात ओळीच्या शेवटच्या रिकाम्या स्पेसपासून करा. एडिटर एका फटक्यात साऱ्या उडवतो. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून फॉरमॅटिंग करायची पद्धत) शेवटच्या दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोडा', असं 2004 पासून चालत आलंय खरं. पण डोळ्याला न दिसणाऱ्याला काय भ्यायचं? पाच पायऱ्यांची गोळाबेरीज होऊन एकच परिच्छेद झाला, तर मजकूर आटोपशीर झाला म्हणा.

मग कमांडकडे वळा. 'हेल्प'च्या आधी दोन डॅश कसे ओशाळल्यासारखे उभे असतात. त्यांचा मिळून एकच लांब, देखणा डॅश करा. सरळ अवतरणचिन्हांनाही जरा वळण लावा. कमांड जशीच्या तशी कॉपी करणाऱ्यावर टर्मिनल खेकसेल आणि तो बिचारा पाऊण तास स्वतःलाच शिव्या घालेल. (पाऊण तासाचा आकडा स्वानुभवाचा आहे.) मेकफाइलच्या (कोडमधून प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक'ला दिलेल्या सूचनांची फाइल) नमुन्यात टॅब दिसले तर तेही काढून स्पेस भरा. 'मेक' हे 1976 सालचं खोड, टॅबशिवाय ऐकत नाही. त्याची खोड मोडायला कुणीतरी हवंच ना.

हे सगळं एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटमधल्या एकाच नोंदीत कोंबा, निदान शंभरेक फाइली. संदेश लिहा : 'किरकोळ सफाई'. आता कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणारं गिट ब्लेम लावलं की ओळीओळीपुढे तुमचंच नाव. असे कमिट वगळायची सोय गिटने 2019 मध्ये केली आहे, पण त्याबद्दल टीममध्ये चकार शब्द काढू नका.

उगाच लाजू नका हो. ओपन सोर्स प्रोजेक्टना हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये 2020 साली त्या टी-शर्टसाठी रीडमीत (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) 'अमेझिंग प्रोजेक्ट' चिकटवणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की आयोजकांना ऑक्टोबर सरायच्या आतच नियम बदलावे लागले. त्यात आपल्याकडची मंडळीही होती. त्या मानाने तुम्ही घाम गाळलाय.

रिव्ह्यू करणारा तरी शंभर फाइली कुठून वाचणार? दोन पानं खाली सरकवून 'छान दिसतंय' म्हणेल आणि तुमचे बदल प्रोजेक्टमध्ये मर्ज करेल. दिसतंयच तसं. सर्व्हरचा पोर्ट मागच्या वर्षीच बदललाय, पण टेबलात जुना 8080 कसा ठळक अक्षरांत, चौकटीच्या बरोब्बर मधोमध बसलाय.