चर्चमध्ये मूर्ती नाही, म्हणून मूर्तिपूजाही नाही?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक मजकूर सारखा फिरतो: “मूर्तिपूजा म्हणजे दगड-लाकडापुढे डोके टेकणे. आपल्या उपासनेत मूर्ती नाही, तेव्हा ती आज्ञा आपण पाळतोच. गर्व हा स्वभावदोष. त्याचा मूर्तिपूजेशी संबंध नाही.” बहुतेकदा त्याचा रोख शेजाऱ्यांवर असतो. पवित्र शास्त्राचा (बायबलचा) रोख मात्र बहुतेक वेळा आतल्यांवर आहे.

“मूर्तिपूजेला समोर वस्तू लागते.” यहेज्केल 14 मध्ये इस्राएलचे वडीलजन संदेष्ट्यापुढे येऊन बसतात. समोर मूर्ती नाही, आणि आले आहेत ते परमेश्वरालाच विचारायला. तरी देव म्हणतो, यांनी मूर्ती मनात मांडल्या आहेत. हबक्कूक 1 मधला खास्दी, म्हणजे स्वारी करणारा बाबेली, तर आपल्या जाळ्यालाच बळी देतो, धूप जाळतो. आणि अकराव्या वचनाप्रमाणे त्याचे बळ हाच त्याचा देव.

“गर्व वेगळा, मूर्तिपूजा वेगळी.” इथे 1 शमुवेल 15 सावकाश वाचावा. अमालेक या शत्रू-राष्ट्राचे सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा असताना इस्राएलचा राजा शौल त्यांच्या अगाग राजाला आणि निवडक गुराढोरांना राखून ठेवतो. बाराव्या वचनात तो कर्मेल येथे (यहूदातले गाव) स्वतःसाठी स्मारक उभारतो. हे वचन सहसा घाईत ओलांडले जाते. मग सबब: जनावरे “तुझा देव परमेश्वर” याला अर्पण करायला ठेवली. ‘माझा देव’ म्हणायचे त्याला सुचत नाही. यावर संदेष्टा शमुवेलाचा निकाल तेविसाव्या वचनात आहे: हट्ट हा मूर्तिपूजेसारखा. मराठीत ज्याला ‘हट्ट’ म्हटले आहे आणि काही भाषांतरांत ‘उद्धटपणा’, त्याला मूळ हिब्रू ‘तराफीम’ म्हणजे घरदेवांच्या पंक्तीला बसवते. मराठीतले ‘सारखा’ हिब्रू ओळीत नाही; तिथे हट्ट म्हणजेच ते पाप. पाप कबूल केल्यावरही शौलाची मागणी एकच: वडीलजनांसमोर माझा मान राख.

“उपासना खऱ्या देवाची असली की झाले.” यहूदाचा राजा उज्जीया याने धूप परमेश्वरालाच जाळायला घेतला होता, त्याच्याच मंदिरात (2 इतिहास 26). पण ते काम अहरोनाच्या वंशजांचे, म्हणजे याजकांचे. अजऱ्या याजक आणि आणखी 80 याजकांनी अडवले तेव्हा तो संतापला, आणि कपाळावर कोड उठले. शास्त्र याला मूर्तिपूजा म्हणत नाही. विश्वासघात म्हणते, आणि कारण देते ते उन्मत्त झालेल्या मनाचे.

त्या मजकुरात थोडे तथ्य आहे. ‘गर्व म्हणजे मूर्तिपूजा’ असे सरळ वाक्य शास्त्रात नाही; कलस्सै 3:5 तसे म्हणते ते लोभाबद्दल. पण यशया 2 उघडा. आठव्या वचनात देश मूर्तींनी भरला आहे, अकराव्यात माणसाचा ताठा उतरतो, सतराव्यात पुन्हा ताठाच आणि परमेश्वर एकटाच उंच, अठराव्यात मूर्ती नाहीशा होतात, विसाव्यात त्या चिचुंद्र्या-वटवाघळांपुढे फेकल्या जातात. एकाच दिवशी, एकाच घावात.

उलट टोकही टाळावे. कामाचे समाधान वाटले की लगेच ‘ही तुझी मूर्ती’ म्हणणारे उपदेशक कमी नाहीत. उज्जीयाचे बुरूज, खोदलेल्या विहिरी, द्राक्षमळे, शेतीची आवड हे सारे त्याच अध्यायात कौतुकाने नोंदले आहे. बिघडले ते धूपवेदीपाशी.