रस्त्यावरून दिसतं का?

आमच्या गावात घराची खिडकी बदलायची तर नवरा-बायकोचं एकमत होऊन भागत नाही, सात परक्या माणसांचंही व्हावं लागतं. त्या सातांतला एक मी.

गाव न्यू जर्सीतलं. मधला भाग 'ऐतिहासिक' ठरलेला. तिथं घराच्या दर्शनी बाजूला हात लावायचा तर आधी आमच्या समितीकडून 'औचित्याचा दाखला' घ्यायचा. जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला मला ठाऊक होते. औचित्याचाही दाखला असतो हे इथं येऊन कळलं. आपल्याकडे असता तर निम्म्या कार्यालयांच्या कमानी उभ्याच राहिल्या नसत्या.

समितीवर मी तोंडामुळे गेलो. शेजारी कौतुकानं सांगत होते, त्यांचं घर १८८४चं. मी म्हटलं, "वा! आमचा पुण्यातला वाडा याच्याहून साठेक वर्षांनी म्हातारा होता." त्यातला 'होता' त्यांनी ऐकलाच नाही. महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. मानधन नाही, पाण्याची बाटली आणि नावाची पाटी मिळते. पाटीवर माझं आडनाव चार महिने चुकीचं होतं. ते बदलायला मात्र दाखला लागला नाही.

आमचं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावतं : रस्त्यावरून दिसतं का? मागच्या बाजूचं आम्ही बहुतेक सोडून देतो. त्यामुळे बैठकीआधीच्या रविवारी मी अर्जदारांच्या घरांसमोर वही घेऊन उभा राहतो आणि लोकांच्या खिडक्या न्याहाळतो. माझ्या रंगाच्या माणसानं या गावात हे करणं सोपं नाही. कुत्रं फिरवणारं कुणीतरी थांबतंच. "काही मदत हवी आहे का?" या वाक्याला इथं मदतीचा वास नसतो. मी समितीचं ओळखपत्र दाखवतो. कुत्र्याचं समाधान होतं, मालकाचं होत नाही.

जूनच्या बैठकीत एक ऐंशीच्या आजी आल्या होत्या. लाकडी खिडक्या वाऱ्यानं खडखडतात, तर प्लास्टिकच्या बसवू द्या, एवढंच म्हणणं. आमचा नियम असा, की दुरुस्त होण्यासारखं असेल ते बदलायचं नाही. आणि ही खिडकी म्हणजे वर सहा काचा, खाली सहा काचा. काचांमधली पट्टी किती जाड, यावर आम्ही पन्नास मिनिटं बोललो. आजींनी आणलेल्या नमुन्यात पट्टी दोन काचांच्या मध्ये नुसती अडकवलेली होती. आमच्यातल्या आर्किटेक्टबाईंनी खिशातून टॉर्च काढून तिरपा उजेड टाकला. "बघा, सावली पडत नाही," त्या म्हणाल्या. खरंच पडत नव्हती. आम्ही सगळे गंभीर झालो. आजी म्हणाल्या, "सावली नाही पडली तर चालेल हो, हिवाळ्यात बर्फ आत पडतो." शेवटी लाकूड दुरुस्त करायचं आणि बाहेरून एक जादा काचेचं तावदान लावायचं ठरलं. थंडी त्यानं चांगली अडते. आजींनी दाखला घेतला तो रेशनकार्ड घेतल्यासारखा.

माझी विद्या आजवर एकदाच चालली. एका गृहस्थांना विटांच्या दरजा सिमेंटनं भरायच्या होत्या. मी हात वर केला. जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, हिवाळ्यात ती विटेत गोठते आणि विटेचं तोंड फुटतं. चुना ओल सोडतो. मग मला राहवेना. चुन्याची घाणी कशी असते, गोल चरात दगडी चाक कसं फिरतं, बैल कसा जुंपतात, सगळं साग्रसंगीत सांगितलं. गृहस्थांनी टिपून घेतलं आणि विचारलं, "बैल कुठं मिळेल?"

जुनं जपायची ही हौस अमेरिकेलाही उपजत नव्हती. चार्ल्स्टन शहरानं १९३१मध्ये असा नियम केला, पण न्यूयॉर्कला जाग यायला पेन स्टेशन हे भव्य जुनं रेल्वे स्थानक जमीनदोस्त व्हावं लागलं. १९६३मध्ये पाडायला घेतलं, १९६५मध्ये कायदा आला. आमचा वाडा पाडला तेव्हा फक्त भाडेकरूंना जाग आली, तीही पहाटे कुदळीच्या आवाजानं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं पाणी वाड्यात पुरुषभर चढलं होतं, तरी तो उभा राहिला. बिल्डरपुढे नाही राहिला. सह्या आम्हीच केल्या. त्यात एक माझी. टू बीएचके मिळाला, पार्किंगसकट. समितीत मी हे अजून सांगितलेलं नाही.

तर आई. ती सहा महिन्यांसाठी आली आणि आठवड्याभरात तिनं पुढच्या पडवीत, ज्याला हे पोर्च म्हणतात, गॅरेजमधल्या उरलेल्या विटा रचल्या, वर तुळशीची कुंडी ठेवली, विटांना गेरू फासला आणि पांढऱ्या खडूनं 'श्रीराम' लिहिलं. रस्त्यावरून दिसत होतं. लख्ख दिसत होतं.

पंधरा दिवसांत समितीकडे ईमेल आली : अमुक क्रमांकाच्या घरासमोर लाल रंगाचं नवं बांधकाम. क्रमांक माझा. माझ्याच घराचं प्रकरण म्हणून मला खुर्ची सोडून समोर अर्जदारांत बसावं लागलं, शेजारी आई. सुती साडी, वर माझं जाकीट, पायात स्पोर्ट शूज.

"हे पगारी आहेत का रे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग एवढे मन लावून का बसलेत?"

अध्यक्षांनी फोटो पडद्यावर टाकला. भिंतीएवढी तुळस बघून आईनं सवयीनं हात जोडले. समितीतल्या दोघांनी, काही विधी असेल म्हणून, माना खाली घातल्या. मग आर्किटेक्टबाईंनी मुद्द्याचं विचारलं : विटा कशानं जोडल्या आहेत, चुन्यानं की सिमेंटनं? मी भाषांतर केलं.

"कशानंच नाही," आई म्हणाली. "मी जाणार ऑक्टोबरात. मग थंडीत तू तुळस आत घेणार आहेस की नाही? जोडून काय करू?"

मी पहिलं वाक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं. जोडकाम नाही म्हणजे बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणजे समितीचा अधिकार नाही. सहा विरुद्ध शून्य मतांनी तुळस वाचली. आर्किटेक्टबाई तर नंतर येऊन म्हणाल्या, तो लाल रंग त्यांना फार आवडला, कुठल्या कंपनीचा? आईला गेरू इंग्रजीत सांगता येईना आणि मलाही येईना.

घरी चालतच निघालो. आई काही बोलली नाही. कोपऱ्यावर मात्र थांबली, पदर खोचला आणि समोरच्या घराकडे बोट केलं.

"त्या पायऱ्यांचा कठडा बघ. प्लास्टिकचा आहे."

"आई, चल."

"प्लास्टिकचाच आहे, मी सकाळी हात लावून पाहिलाय. रस्त्यावरून दिसतोय की. लिही."