‘ड्राइव्हवर टाका, लिंक द्या’ इतकं सोपं असतं तर

संशोधकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक युक्तिवाद अधूनमधून फिरतो आणि दर वेळी त्याला भरपूर अंगठे मिळतात. तो थोडक्यात असा: साठवण आता जवळजवळ फुकट झाली आहे, मग संशोधनाचा डेटा जपायला वेगळी, खर्चिक आर्काइव्ह, तिथले क्युरेटर (डेटा तपासून नीट लावणारी माणसं) आणि त्यांचे लांबलचक फॉर्म कशाला? फाइल क्लाउडवर ठेवा, निबंधात लिंक द्या, कुणी मागितलं तर ईमेल करा. शिवाय आर्काइव्हमध्ये दिलं की लोकांची खासगी माहिती चव्हाट्यावर येते, आपल्या मेहनतीवर दुसरेच निबंध छापतात, आणि तसंही जुना डेटा कुणी उघडून बघत नाही.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. त्याकडे शेवटी येतो. बाकीचे एकेक करून घेऊ.

‘मागितलं तर देऊच की’

हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ते प्रत्यक्षात किती पाळलं जातं हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’मध्ये आलेल्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ निबंधांचा मूळ डेटा लेखकांकडे मागण्यात आला. निबंध जितका जुना, तितका डेटा मिळणं अवघड, हे अपेक्षितच होतं. धक्का बसावा असा होता तो उताराचा वेग: डेटा अजून शिल्लक असण्याचे ऑड्स (असण्याची शक्यता भागिले नसण्याची शक्यता) दर वर्षाला १७ टक्क्यांनी घसरत होते. कुठे ईमेल पत्ता मेलेला, कुठे डेटा अशा जुन्या माध्यमावर की वाचायला यंत्रच उरलेलं नाही.

२०२२ मधला दुसरा अभ्यास तर थेट या वाक्याचीच परीक्षा घेणारा होता. ‘मागितल्यास डेटा देऊ’ असं स्वतःच छापून दिलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना पत्रं गेली. ९३ टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही किंवा नकार कळवला. डेटा हाती आला तो १२२ निबंधांचा. लक्षात घ्या, हे निबंध ताजे होते. काळाने ईमेल खाऊन टाकले असं म्हणायचीही सोय नाही.

यात लबाडी क्वचितच असते. काम केलेला विद्यार्थी पीएचडी घेऊन निघून गेलेला असतो, मार्गदर्शकाला ‘फायनल’ आणि ‘फायनल_नवीन’ यांतली खरी फाइल कोणती ते माहीत नसतं, आणि कुणा परक्यासाठी दोन दिवस घालून ती शोधायला कुणाला सवड असते? म्हणूनच ते काम माणसाच्या मर्जीवर न ठेवता संस्थेकडे द्यायचं.

‘क्लाउड आहे ना’

क्लाउडवरची जागा स्वस्त आहे हे खरं, पण ती कुणाच्या तरी खात्याला बांधलेली असते. संस्था बदलली की खातं बंद, आणि लिंकही गेली. शिवाय कंपनीचं धोरण बदलतं. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा दिली होती. २०२१ मध्ये जाहीर केलं की यापुढे पूर्ण संस्थेला मिळून मूळ मर्यादा १०० टेराबाइटची. त्यात कंपनीचं काही चुकलं असं नाही. पन्नास वर्षं डेटा सांभाळू असा शब्द तिने दिलाच नव्हता. तो आपण गृहीत धरला.

आर्काइव्ह देतं तो डीओआय, म्हणजे डेटाची कायमची ओळख ठरणारा क्रमांक. डेटासाठी असे कायमचे क्रमांक देणारी ‘डेटासाइट’ ही संस्था २००९ पासून काम करते आहे. सर्व्हर हलला, संकेतस्थळाची रचना बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. मागचा पत्ता तेवढा बदलायचा असतो. काही कारणाने डेटा काढून घ्यावा लागला तरी ‘इथे अमुक डेटा होता, अमुक कारणाने काढला’ असं सांगणारं पान त्या क्रमांकावर राहतं. लिंक नुसतं ‘४०४, पान सापडलं नाही’ म्हणते तेव्हा यातलं काहीच कळत नाही.

राहिला बॅकअपचा प्रश्न. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये पुरवठादार कंपनीने केलेला बदल उलटला आणि सुमारे ७७ टेराबाइट डेटा, म्हणजे तीन कोटींहून जास्त फाइली, पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यांतल्या चार गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. ज्या यंत्रणेने वाचवायचं, तिनेच पुसलं. त्यामुळे नीट चालणाऱ्या आर्काइव्हमध्ये प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि शक्यतो एकाच यंत्रणेच्या हवाली नसतात.

पुसलेली फाइल निदान नाहीशी झाल्याचं कळतं तरी. जास्त वाईट असतं ते न कळता बिघडणं. डिस्कवर एखादा बिट उलटला तर फाइल उघडते, दिसते तशीच, फक्त कुठला तरी आकडा वेगळा असतो. त्यासाठी फाइल आली त्या दिवशीच तिचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढून ठेवतात. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर तो ६४ अक्षर-अंकांचा येतो, मग फाइल केवढीही असो, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. ठरावीक काळाने पुन्हा काढायचा, जुन्याशी ताडायचा, जुळला नाही तर दुसऱ्या ठिकाणची चांगली प्रत आणून बसवायची. कंटाळवाणं काम आहे, आणि आपल्या ड्राइव्हवर ते आपण कधीही करत नाही.

‘फाइल उरली म्हणजे डेटा उरला’

पूर्ण युक्तिवादाच्या मुळाशी हे न बोललेलं गृहीतक आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आधी यंत्राची बाजू. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या इंग्लंडच्या जमीनपाहणीला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशभरातून नवी पाहणी गोळा करून लेझर डिस्कवर घातली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि ती डिस्क वाचवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. चर्मपत्रावरची मूळ पाहणी मात्र आजही वाचता येते. म्हणून आर्काइव्ह विशिष्ट सॉफ्टवेअरच्या फाइलबरोबर सीएसव्हीसारखं, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारं साधं रूपही ठेवतं आणि एखादा फॉरमॅट मावळायला लागला की वेळेत दुसऱ्यात नेतं. मिशिगन विद्यापीठातलं आयसीपीएसआर हे सामाजिक शास्त्रांच्या डेटाचं आर्काइव्ह १९६२ चं, एसेक्स विद्यापीठातलं यूके डेटा आर्काइव्ह १९६७ चं. पंचकार्डांच्या काळात सुरू झालेल्या या संस्थांना जुन्या काळाचं ओझं म्हणणाऱ्याने स्वतःच्या १९९८ च्या फ्लॉपीवरची एखादी फाइल उघडून दाखवावी.

आता अर्थाची बाजू. समजा सर्वेक्षणाची एक फाइल व्यवस्थित उघडली. स्तंभांची नावं आहेत ‘व१’, ‘प्र७ब’, ‘उत्प_सुधा’. वयाच्या स्तंभात २३, ४१, ३५, ९९, ५८, ९९. हे ९९ म्हणजे दोन शतायुषी होऊ घातलेली माणसं, की ‘वय सांगितलं नाही’ याचा संकेत? फाइल करणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. परक्याने सरळ सरासरी काढली तर ती ५९ येते. ९९ वगळले तर ३९. आणि ‘उत्प_सुधा’ म्हणजे सुधारलेलं उत्पन्न असेल, तर कशासाठी सुधारलेलं? महागाईसाठी, कुटुंबातल्या माणसांसाठी, की कुणी तरी वेडेवाकडे आकडे हाताने नीट केले म्हणून?

तो लांबलचक फॉर्म हेच विचारतो. प्रश्नावलीची प्रत कुठे आहे, नमुना कसा निवडला, भारांक (कुणाच्या उत्तराला किती वजन) कसे काढले, एकक कोणतं, रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे का. मग क्युरेटर प्रत्येक स्तंभात कोणती किंमत किती वेळा आली याचा तक्ता काढतो आणि कोडबुकाशी, म्हणजे संकेतांचे अर्थ लिहिलेल्या यादीशी, ताडतो. कोडबुकात १, २, ३ एवढेच संकेत आणि फाइलमध्ये मध्येच ४ दिसला, की डेटा देणाऱ्याला पत्र जातं. ते पत्र आल्यावर वैताग येतो हे कबूल. पण तीन वर्षांनी तोच प्रश्न आला असता तर उत्तर आपल्यालाही देता आलं नसतं.

नुसती स्प्रेडशीट जोडून दिली की काय होतं याचा मासला जनुकशास्त्रात आहे. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं. ‘सेप्ट२’चं होतं २ सप्टेंबर. २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली! प्रोग्रॅमपुढे विज्ञानाने हात टेकले.

जपणुकीच्या या कामाला एक मानक चौकटही आहे: अंतराळ संस्थांच्या समितीत घडलेली आणि २००३ मध्ये आयएसओ १४७२१ हे आंतरराष्ट्रीय मानक झालेली ‘ओएआयएस’. आलेला गठ्ठा, जपायचा गठ्ठा आणि वाटायचा गठ्ठा ती वेगळे धरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हा डेटा पुढे कोण वापरणार आणि त्या वापरणाऱ्याला आधीपासून काय माहीत असेल, हे ती आर्काइव्हला ठरवायला लावते.

‘खासगी माहिती चव्हाट्यावर येते’

भीती रास्त आहे, पण बोट चुकीच्या दिशेला आहे. नाव आणि फोन नंबर काढला की झालं असं समजणारे आपणच असतो. लहान गावातली एकमेव महिला दंतवैद्य, वय ५४, तीन मुलं: नाव नसलं तरी गाव तिला ओळखतं. आर्काइव्हमधली माणसं नेमकं हेच शोधतात. वयाचे गट करतात, गावाऐवजी मोठा प्रदेश लिहितात, दुर्मीळ व्यवसाय एकत्र करतात.

आणि आर्काइव्हमध्ये असणं म्हणजे सगळ्यांना खुलं असणं नव्हे. यूके डेटा आर्काइव्हकडे पायऱ्या आहेत: काही डेटा कुणालाही, काही नोंदणी आणि अटी मान्य केल्यावर, आणि सगळ्यात नाजूक डेटा फक्त प्रशिक्षण घेतलेल्या, प्रकल्प मंजूर झालेल्या संशोधकाला, तोही सुरक्षित यंत्रणेतच. तिथून फाइल बाहेर नेता येत नाही. काढलेले तक्तेसुद्धा तपासूनच बाहेर सोडतात. ‘लिंक असलेला कुणीही बघू शकतो’ या सेटिंगशी याची तुलना करून पाहा.

‘दुसरे पळवतील’

यावर उत्तर जुनंच आहे. प्रथिनांच्या रचना ठेवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेत रचना आधी जमा करून निबंध छापून येईपर्यंत, जास्तीत जास्त वर्षभर, झाकून ठेवता येते. बहुतेक आर्काइव्हमध्ये अशी मुदत मागता येते. शिवाय तारीख आणि डीओआय असलेली नोंद हा आपण आधी केल्याचा पुरावाच असतो. ड्राइव्हच्या लिंकला तो मान नाही.

‘जुना डेटा कोण बघतो?’

२००८ मध्ये एचआर ८७९९ या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर झालं. मग हबल दुर्बिणीने १९९८ मध्ये घेतलेली त्या ताऱ्याची छायाचित्रं आर्काइव्हमधून काढून नव्या पद्धतीने तपासली, तर एक ग्रह त्यांत होताच. २०११ मध्ये त्याच छायाचित्रांत आणखी दोन दिसले. दहा वर्षांपूर्वीची स्थिती आयती मिळाल्याने कक्षा अजमावायला मदत झाली.

प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. रसायनशास्त्राच्या २०२४ च्या नोबेलचा अर्धा वाटा ज्यासाठी मिळाला, ते प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणारं ‘अल्फाफोल्ड’ हे एआय शिकलं ते याच साठ्यावर. १९७० च्या दशकात रचना जमा करणाऱ्यांना हा उपयोग ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

आता अर्धा खरा मुद्दा: खर्च

आर्काइव्ह महाग असतात. डिस्कमुळे नव्हे, माणसांमुळे. वर लिहिलेली सगळी कामं पगारी माणसं करतात आणि अनुदानं मात्र तीन-पाच वर्षांची असतात. ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीची माहिती ठेवणाऱ्या ‘टेअर’चं अमेरिकी सरकारी अनुदान २०१३ च्या सुमारास थांबलं आणि जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना पुढे वर्गणी भरून ते चालवावं लागलं. तेव्हा ‘आर्काइव्हसुद्धा बंद पडू शकतं’ असं कुणी म्हणालं तर मी मान्य करेन.

फरक असा की चांगल्या आर्काइव्हला हा प्रश्न आधीच विचारला जातो. ‘कोअरट्रस्टसील’ हे प्रमाणपत्र हवं असेल तर सोळा निकषांत उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यांत पैसा आटला तर डेटा कोण सांभाळणार हेही लिहून द्यावं लागतं. तेव्हा पुढचा निबंध धाडण्याआधी आर्काइव्ह निवडताना त्यांचं हे उत्तर मागून घ्या. आणि प्रकल्पाच्या अर्जात डेटा सांभाळण्याच्या खर्चाची ओळ पहिल्याच दिवशी घाला, कारण काम संपल्यावर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.