कुरकुर करणाऱ्यांच्याच हातात वाटप द्या

चर्चच्या पाळकांसाठी नेतृत्वाचं शिबिर ठेवायचंय, विषय सुचवा, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. वक्तृत्व, वेळेचं नियोजन, यूट्यूबवर उपासना असं बरंच काही लोकांनी सुचवलंय. माझा एकच विषय आहे : बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. तोही प्रवचनाला नको, मीटिंगला घ्या.

बेळगावात लंडन मिशनचे लोक १८२० मध्ये आले, १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट चर्चकडे गेलं. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांची माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. दुकानांच्या पाट्यांवरचं भांडण चर्चच्या फाटकाबाहेर थांबतं असं आपण पाहुण्यांना सांगतो. थांबत नाही, नुसता आवाज खाली येतो. संयुक्त उपासना असली की एका भाषेचं गीत ठरल्यासारखं शेवटी येतं, आणि तोवर वेळ संपत आलेला असतो. मग एकच कडवं. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, "आमचं नेहमी शेवटालाच काय ओ?" कुठे ही कुरकुर कन्नड घरांची असते, कुठे मराठी. संख्येने कमी कोण, त्यावर ठरतं.

त्या सहाव्या अध्यायात, यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत, हेच झालं होतं. ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवा रोजच्या वाटणीत मागे राहत होत्या. येशूच्या बारा प्रेषितांनी ऐक्यावर प्रवचन ठोकलं नाही. 'तुम्हीच सात माणसं निवडा' म्हणाले. आणि ती सात नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हातात अख्खं वाटप गेलं, इब्री बोलणाऱ्या विधवांचंसुद्धा. आपण काय करतो? पाच जणांची कमिटी, त्यात दुसऱ्या भाषेचा एक, तोही सही करायला.

दुसरी गोष्ट पाळकांच्या स्वतःच्या जिवाची. मंडप, माईक, बोअरची मोटार, दफनभूमीतल्या जागेचा वाद, कुणाच्या तरी पोराच्या ॲडमिशनचं पत्र, सगळं पाळकसाहेबांना विचारून. स्टोअररूमची चावीसुद्धा त्यांच्याच खिशात. बायबलमधला मोशे असाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तोंडावर सांगितलं की तूही थकशील आणि हे लोकही थकतील. (सासऱ्याचा सल्ला जावयाने मुकाट ऐकला, हाही 'निर्गम' पुस्तकातला एक चमत्कारच.) त्यात आपल्या पाळकांची बदली ठरलेली. सगळा कारभार एकाच्या डोक्यात असला की ट्रकमधून सामानाबरोबर तोही जातो, आणि नवे साहेब फायली शोधत बसतात.

"चावी दिली तर पाळकांचा मान काय राहिला?" असं जुनी मंडळी विचारतील. बारा जणांनी प्रार्थना आणि वचन स्वतःकडे ठेवलं, त्यांचा मान कुठे गेला? त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात शिष्यांची संख्या फार वाढली असं लिहिलंय, यहुदी याजकसुद्धा मोठ्या संख्येने विश्वासात आले. पैशाची भीती असेल तर खात्यावर दोन सह्या ठेवा, हिशेब दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, दोन्ही भाषांत. आणि या नाताळचा कार्यक्रम, ज्यांचं गीत शेवटी येतं, त्यांनाच ठरवू दे. पाळकसाहेबांनी त्या मीटिंगला जरूर यावं, पण अध्यक्षाची खुर्ची सोडून कुठेही बसावं.