ओल्या भिंतीवरचं वाळवंट

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की कोकणातल्या माणसाने जलरंगात वाळवंट रंगवायला घ्यावं. भजनी मंडळ, आंब्याची कलमं, पतपेढीची निवडणूक हे जुने उद्योग झाले. त्यांत माणसं भेटतात, आणि माणसं भेटली की कामं सांगतात. वाळवंटात कुणी काम सांगत नाही. शिवाय ते रंगवायला कोकणाइतकी सोयीची जागा नाही. जैसलमेरकडचा माणूस वाळवंट रंगवत बसत नाही, कारण त्याने खिडकी उघडी ठेवली की ते घरात येतं आणि मग केरसुणी घ्यावी लागते. तुम्हाला तो त्रास नाही. तुमच्या खिडकीतून येते ती फक्त पावसाची झड.

मुहूर्त मृग नक्षत्राचा धरा. हिवाळा कटाक्षाने टाळावा. डिसेंबर-जानेवारीत हवा बऱ्यापैकी कोरडी असते, कागद वाळतो, आणि चित्र पूर्ण होण्याचा धोका संभवतो. चित्र पूर्ण झालं की घरातले विचारणार, मग आता जायचं कधी? आषाढात हा प्रश्न येत नाही.

कागद मात्र उत्तम आणा. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत. तो मुंबईहून येईल, कुरियरवाला नाक्यावरच्या दुकानात ठेवून निघून जाईल, आणि तुम्ही तो छत्रीखाली धरून घरी आणाल तोवर त्याला गावची हवा लागलेली असेल. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, चांगल्या कागदांना बहुधा जिलेटिनची. तिच्यामुळे रंग एकदम आत शोषला न जाता वर थांबतो. आपल्याकडच्या बुरशीला ही खळ फार आवडते. एक पावसाळा कपाटात गेला की कागदावर बारीक डाग पडतात, आणि वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला की त्या डागांत रंग शाई सांडल्यागत पसरतो. घाबरू नका. ती खेजडीची झाडं. राजस्थानचा राज्यवृक्ष आहे तो, वाळवंटात हवाच.

आता आकाश. वर अल्ट्रामरीन हा गडद निळा घ्यायचा, पाणी वाढवत खाली फिका करत आणायचा, आणि क्षितिजाजवळ यलो ऑकर या मातकट पिवळ्यात सोडून द्यायचा. पुस्तकांत लिहिलेलं असतं की पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा. वाळला की नाही हे बघायला तळहाताची मागची बाजू कागदाजवळ न्यावी, गार लागली तर ओल आहे असं समजावं. ही कसोटी ज्याने काढली तो जुलैत मालवणला आला नसावा. सकाळच्या चहानंतर दिलेला वॉश पेज जेवून झाल्यावर गार लागतो, दुपारी पडून उठल्यावर गार लागतो, आणि दिवेलागणीला गार लागतो तेव्हा कागद गार की आपला हात गार हेच कळेनासं होतं. हेअर ड्रायरचा सल्ला देणारे लोकही भेटतात. पहिल्या वादळात गेलेली लाईट अजून यायची आहे हे त्यांना सांगत बसू नका.

कंटाळून तुम्ही अर्धवट ओल्या थरावर दुसरा थर देणारच. मग नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत जातं आणि त्याच्या कडेने दातेरी नक्षी उमटते. चित्रकार तिला कॉलीफ्लॉवर म्हणतात. निरभ्र आकाशात फ्लॉवरचे गड्डे आले म्हणून कागद फाडायचा नाही. खाली पेन्सिलने ‘आंधी’ असं लिहा. तिकडे उन्हाळ्यात धुळीची वादळं येतात, त्यामुळे हे भौगोलिकदृष्ट्याही बरोबर आहे.

खरी मजा क्षितिजावर होते. निळा वरून येतो, पिवळा खालून, दोघेही ओले. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिसळले की मळकट हिरवा होतो, हा रंगांचा नियम आहे, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार? त्यामुळे कितीही काळजी घेतलीत तरी थरच्या वाळवंटाच्या पल्याड एक अरुंद, लांबलचक भातशेती उगवते. हिरवी ट्यूब फेकून दिलीत तरी उगवते. लावणी झालेल्या मळ्यांकडे पाठ करून बसलात तरी उगवते.

वाळूच्या टेकडीचं शास्त्र समजून घ्या, ते चारचौघांत बोलायला उपयोगी पडतं. वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य उताराची असते. आडोशाच्या बाजूला वाळू घसरत पडते आणि साधारण 30 ते 34 अंशांच्या उतारावर थांबते, कारण कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकत नाही. दोन्ही बाजू मिळतात ती कड सुरीने कापल्यासारखी आली पाहिजे, आणि तिच्या सावलीत किंचित जांभळा. तशी कड यायला कागद कोरडा लागतो. वाळूचा खरखरीतपणा ड्राय ब्रशने काढतात, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने. असा कुंचला श्रावणाआधी कुणी कोकणात पाहिला असेल तर त्याचा सत्कार करावा. तुमच्या टेकड्या गोल, लोण्यासारख्या आणि थोड्या दमट येतील. शेजारचा पडवीत डोकावून म्हणेल, “अण्णानू, रेती कित्याक रंगवतास? होयी तर सांगा, डंपर धाडतंय.” त्याचा धंदाच तो आहे, मनावर घेऊ नका. रेती आणि वाळवंट यांतला फरक कळायला निवृत्ती जवळ यावी लागते.

रंगांबाबत एक पथ्य कडक पाळा: ट्यूब परदेशी हवी. बर्न्ट सिएना हा रंग मुळात इटलीतल्या सिएना भागातल्या मातीचा, ती भाजून केलेला. त्यातला तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडचा. तुमच्या जांभ्याच्या चिऱ्यातला, अंगणातला, चपलांच्या तळव्यांतला आणि दरवर्षी धोतराला लागून न निघणारा तांबूसपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच. पण म्हणून अंगणातली माती खलात घोटून, गाळून, डिंकात कालवून रंग करायच्या फंदात पडू नका. फुकट मिळालेल्या मातीने दूरचं स्वप्न रंगत नाही. आठ मिलिलिटरच्या ट्यूबला दोन किलो सुरमईचे पैसे मोजलेत की वाळूला आपोआप झळाळी येते.

त्याच कारणासाठी गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, जाऊ नये, निदान एप्रिल-मेमध्ये तरी नाही. तेव्हा तिथलं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, मैलभर सावली नसते, कातळ तापून हवा थरथरत असते, आणि काळ्या-तांबड्या दगडावर उन्हाची जी धग दिसते ती रंगवायला जगभरचे लोक तिकीट काढून कुठे कुठे जातात. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर तर कुणी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे नि माणसं कातळात कोरून ठेवली आहेत, आणि 2022 मध्ये ती कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेली. गेली तर गेली. जिथे दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं ते वाळवंट नव्हे.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचंही नाव तुमच्या कानावर कुणीतरी घालील. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. चेहऱ्यावरचा तो उजेड निव्वळ जलरंगातला, आणि त्यासाठी त्यांनी उभं केलं आपल्याच मुलीला. असली उदाहरणं निवृत्तीच्या बेताला मारक असतात. विषय बदला.

बेत असा. ग्रॅच्युइटी आली की जैसलमेर. 1156 मध्ये वसलेलं शहर, पिवळ्या दगडाचा किल्ला, ज्यात अजून माणसं राहतात. वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आतबाहेर, आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवसात पडतो तेवढा. म्हणजे कौलं चाळायची नाहीत, शेवाळावर घसरायचं नाही, भिंतीला ओल नाही, चादरींना तो वास नाही. बेत इथपर्यंतच वाचावा. त्याच्या पुढे वाचलं की कळतं, त्या किल्ल्यालाच ओलीने पछाडलं आहे. बांधणाऱ्यांनी घागरीच्या हिशेबाने बांधला; पुढे नळ आले, हॉटेलं आली, सांडपाणी खालच्या मऊ थरांत मुरलं आणि भिंती नि बुरूज खचू लागले. 2006 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव पुरात बुडालं, आणि जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना, कितीतरी दिवस तळं होऊन राहिलं. तिकडच्याच फलोदीला 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला. हे सगळं छापून येतं, पण छापलेलं सगळं वाचलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

चित्रात काय घ्यायचं नाही हे तर आधीच ठरवून टाका. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तिथे शाळा आहेत, टँकर आहेत, मोबाइलचे मनोरे, पवनचक्क्या आणि तहसील कचेरीत खेटे घालणारे लोक आहेत. त्यांतलं काहीही कागदावर येता कामा नये. जलरंगाची मोठी सोय ही की त्यात पांढरा रंग लावावा लागत नाही, कागद कोरा सोडला की झालं. एक उंट चालेल. त्याचा मालक नको. तो भाड्याचं विचारेल.

निवृत्तीनंतर नव्या मुलखात राहायला गेलेल्यांचे दाखले हवे असतील तर आपल्या किनाऱ्यावर एक आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1886 मध्ये रत्नागिरीला आला, 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. समुद्राकडे तोंड, मोठं आवार, तनखा चालू. इंग्रजांनी गादीवरून उतरवून आणलं होतं एवढा बारकावा सोडला तर सगळं तुमच्या बेतासारखंच. दुसरा दाखला अमेरिकेतल्या जॉर्जिया ओकीफ या चित्रकार बाईंचा. 1929 च्या उन्हाळ्यात त्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चित्रं काढायला गेल्या आणि 1949 मध्ये कायमच्या राहायला गेल्या. मधली वीस वर्षं घरी जरूर सांगा, तेवढी मुदत आपल्यालाही मिळते. त्या खरोखरच गेल्या, हे मात्र सांगू नका.

घरी सांगण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. तुम्ही वाळूची गोष्ट काढलीत की स्वयंपाकघरातून आवाज येईल, “थंय बांगडो कोण हाडून देतलो?” या प्रश्नाला उत्तर नाही. केर-सांगरीची भाजी उत्तम असते, सांगरी म्हणजे खेजडीच्याच शेंगा, सुकवून ठेवतात, आपल्या सुक्या जवळ्याप्रमाणे वर्षभर पुरतात, असं सगळं तुम्ही सांगाल. तिकडून भांडं आपटल्याचा आवाज येईल. मग चतुर्थीचा प्रश्न. गणपती तुमच्या घरात बसतो, भाऊ मुंबईचे, ते आरतीला येतात आणि पाचव्या दिवशी जातात. मखर, माटवी, भटजी, पाट तुमच्याकडे. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं. गाडीची मात्र अडचण नाही. एर्नाकुलमहून अजमेरला जाणारी मरुसागर एक्सप्रेस आठवड्यातून एकदा तुमच्याच कोकण रेल्वेवरून धडधडत जाते. तिची वेळ पाठ करून ठेवा. ती गेल्याचा आवाज आला की “गेली बघ राजस्थानला,” असं म्हणायचं आणि कुंचला धुवायला पाणी बदलायचं.

राहता राहिलं घर विकणं. इथे एक सावधगिरी लागते, कारण गिऱ्हाईक खरंच येतं. चतुर्थी आटोपून ऊन पडलं की पुण्या-मुंबईची गाडी पायवाटेच्या तोंडाशी थांबते. उतरणारे गृहस्थ तुमच्याच वयाचे असतात, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत तेच 300 जीएसएम, त्याच ट्यूबा. त्यांना कौलारू घर, दोन माड आणि मागे समुद्र रंगवायचा असतो, आणि पुढे जमलं तर त्यात राहायचं असतं. मुख्य म्हणजे शांतता हवी असते. ते अंगणात स्टूल मांडतात, एक डोळा मिटून माप घेतात आणि अगदी अदबीने म्हणतात, “काका, तुम्ही जरा त्या खांबाच्या मागे व्हाल का? आणि ती मोटरसायकल, सिंटेक्सची टाकी, वाळत घातलेलं ते सगळं... नाही, राहू दे, मी ते घेणारच नाही.”

खांबामागे व्हा. त्यांचा अपमान करायचं कारण नाही, रीत तीच आहे. अर्ध्या तासाने ते हताश होऊन विचारतील की आकाश वाळत का नाही; तेव्हा तळहाताच्या मागच्या बाजूची कसोटी त्यांना जरूर शिकवा. चहा द्या, कोकम सरबत द्या. मग ते घराची किंमत विचारतील, आणि तुमच्या डोळ्यांपुढे क्षणभर पिवळा किल्ला उभा राहील. अशा वेळी आतून आपलं आंधीचं चित्र आणून दाखवावं आणि त्याची किंमत सांगावी. घराची सांगू नये. सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या भावांच्या वंशजांची नावं आहेत, बोरिवलीच्या आतेला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि डोंबिवलीचे काका म्हणतात, सही देतो, पण रिटायर झाल्यावर मी तिथेच येऊन राहणार आहे.